हात काढणार नाही

प्रिय दादा,

तालमीतून तणतणत निघून आले, म्हणून तू आईकडे माझी तक्रार केलीस म्हणे. कर. पण तुझ्या नाटकाचा तो शेवट मी करणार नाही, हे आता लेखी घे. यंत्रकन्या आपला पोलादी हात उपटून फेकते, ढसाढसा रडते आणि म्हणे 'माणूस' होते. दादा, तो हात माझा आहे. रोज सकाळी दात घासायच्या आधी मीच तो कोपराला चढवते.

सिनेमातल्या यंत्रमाणसांचा मला पहिल्यापासून राग येतो. लोखंड वाकवतात, डोक्यात अख्खं जग साठवतात आणि शेवटी इच्छा काय, तर आपल्यासारखं व्हायचं. आपल्यासारखं म्हणजे कसं रे? आईच्या छातीत बॅटरीवरचं यंत्र आहे. चष्मा काढला की तू कपाटालाच दार समजतोस. माणूस होण्यासाठी तुम्हाला कुणी काही काढून ठेवायला सांगत नाही.

तुझ्या वेशभूषेवाल्या काकांनी तर कहर केला. माझा हात पुरेसा यंत्रासारखा दिसत नाही, म्हणून त्यावर चंदेरी कागद आणि लुकलुकते दिवे चिकटवले. डिंक सांध्यांत गेला, बोटं अडकली आणि वेणी घालायला मला आईला हाक मारावी लागली. आम्ही दोघी हसून हसून बेजार झालो, मग मला रडू आलं. रडले तेव्हा हात जागेवरच होता, हे तुझ्या माहितीसाठी.

माझा हात गेला त्या अपघातानंतर तू माझ्या उशाशी बसून यंत्रराणीच्या गोष्टी रचायचास. ती राणी कधीच काही काढून फेकत नव्हती. त्या गोष्टींच्या जोरावर मी अंथरुणातून उठले. मग मोठेपणी तुझं काय बिनसलं, याचा मी खूप विचार केला.

रस्त्याने चालताना तू नेहमी माझ्या डाव्या बाजूला येतोस. इतक्या वर्षांत हा उजवा हात तू एकदाही हातात घेतलेला नाहीस. नाटकच सोडायचं असतं तर फोनवर सांगून मोकळी झाले असते. पत्र लिहिलं ते यासाठी. शनिवारच्या प्रयोगात, शेवटच्या प्रवेशाला मी हाच हात विंगेकडे पुढे करणार आहे, तू उभा असतोस तिथे. बाहेर ये आणि धर. नाही आलास, तर पडदा पडेपर्यंत मी तशीच उभी राहीन.

तुझीच,
यंत्रराणी
(सही उजव्या हाताने केली आहे. वाकडी आली, तरी माझीच आहे.)