शेजारची सीट

सोमवार, ३

ही आज पुन्हा बसने गेली. बहिणीकडे. गाडी दारात, मी दारात, किल्ली हातात – आणि बाईसाहेब पिशवी खांद्याला लावून स्टॉपवर! कारण ठरलेलं : "तुमच्या त्या सीटवर पाठ धरते."

खोटं नाही. पुढच्या दोन्ही सीटनी केव्हाच राम म्हटला आहे. शेजारच्या सीटवर बसलं की माणूस खाली खाली जातो आणि डॅशबोर्ड हनुवटीशी येतो. शिवणीतून स्पंज डोकावतो. माझी सीट एका अंगाला कललेली, तिच्यावर मी टॉवेलची घडी घालून बसतो. मला चालतं. हिला नाही. उन्हाळ्यापासून हिने गाडीत पाय ठेवलेला नाही.

सोळाला लेकीकडे जायचं आहे. तिचे दिवस भरत आलेत. ही महिनाभर राहणार. चार तासांचा रस्ता, आणि हिने बसची चौकशी करून ठेवली आहे – एका तिकिटाची! मी मागाहून सवडीने यावं म्हणे. फोटो स्टुडिओ बंद केल्यापासून माझ्याकडे सवडीशिवाय दुसरं आहे काय?

मला हिला गाडीने न्यायचं आहे. ती शेजारी बसून बडबडणार, मी ऐकल्यासारखं करणार, मध्ये कुठेतरी थांबून चहा. एवढंच. इतके महिने ते नाही आणि मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. तिला सांगत नाही, इथे लिहितो.

मंगळवार, ४

गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकला सगळे "होईल" म्हणतात, कारण काहीही सांगा, त्याचं उत्तर तेच. बाजूचा आरसाही बदलायचा होता. गेटच्या खांबाला पुन्हा घासला. खांबच जरा पुढे बांधलाय, असं मी म्हणालो.

"आरसा होईल काका. खांब नाही व्हायचा."

सीटला नवं कव्हर शिवून घ्यावं असा माझा बेत होता. त्याने सीटवर बसून दोनदा उड्या मारल्या, खालून करकर आवाज आला. "आतला सांगाडाच बसलाय. याला कव्हर म्हणजे पडक्या भिंतीला रंग. जुन्या गाड्या मोडतात तिथे जा. समोरून ठोकलेली गाडी नको, पाण्यात बुडालेली नको. मागून ठोकर बसलेली असेल तर पुढच्या सीट बघा. आणा, मी बसवतो."

"आमच्या गाडीला बसतील?"

"होईल."

संध्याकाळी कोपर लागून चहाचा कप खाली. ही हल्ली कप भलत्याच कडेला ठेवते. तसं म्हणालो तर भांडली नाही, नुसती बघत राहिली आणि फडकं घेऊन आली.

बुधवार, ५

ही भाजी निवडत बसलेली असताना सुतळीने हिचं माप घेतलं – गुडघ्यामागून कमरेपर्यंत. "आता काय शिवताय?" म्हणाली. पत्ता लागू दिला नाही.

गुरुवार, ६

जुन्या गाड्यांच्या यार्डात अर्धा दिवस! काय मजा आली. एकावर एक रचलेल्या गाड्या, दारांचा वेगळा ढीग, चाकांचा वेगळा, आणि पत्र्याच्या शेडखाली सीटच सीट. नाटक सुरू व्हायच्या आधीचं थिएटर. मालकीणबाई स्वतः एका मोठ्या गाडीच्या सीटवर बसून फोनवर कोणाला तरी झापत होत्या. झापून झाल्यावर मला म्हणाल्या, "बसून बघा. पाच मिनिटं बसा. सीट लगेच बोलत नाही."

बसलो. एक मऊ, पण मांडीखाली अपुरी. एकीला कुत्र्याचा वास. एकीत मी इतका आत गेलो की बाईंनी हात दिला. शेवटी राखाडी कापडाची एक जोडी सापडली. कापड साधं, पण अंग भरलेलं, पाठीला कमरेपाशी छान फुगवटा. सुतळी लावून पाहिली – बरोबर हिच्या मापाची.

"मापाला सुतळी आणणारे तुम्ही पहिलेच," बाई म्हणाल्या.

"बायकोची पाठ आहे."

"मग द्यायलाच हवी," म्हणाल्या आणि नोकराला हाक न मारता एक सीट स्वतःच उचलून टेम्पोपर्यंत आणली. मी मनातून खूश. पण एवढ्या सीटमधून आपल्या दोन हरवू नयेत म्हणून दोन्हींच्या पाठीवर खडूने "डावी", "उजवी" लिहून टाकलं.

शनिवार, ८

खडूने घोळ केला. म्हणजे मीच केला.

झालं असं. जुन्या सीट निघाल्या (खाली हिची एक हेअरपिन, शेंगदाणे, आणि माझ्या पेनचं टोपण). नव्या सीटखालच्या, सीट पुढेमागे सरकते त्या पट्ट्यांची भोकं आमच्या गाडीला जुळेनात. होईल म्हणाला, "होईल," आणि त्याने नव्या सीट त्यांच्या पट्ट्यांवरून सोडवून आमच्या जुन्या पट्ट्यांवर कसल्या. खडू वाचून कसल्या! सगळं झाल्यावर मी पाठ मागे करायला दाराच्या बाजूला हात घातला – दांडी नाही. दोन्ही सीटच्या दांड्या मध्ये! डावीची उजवी आणि उजवीची डावी झालेली.

जन्मभर कॅमेऱ्यामागे उभं राहून समोरच्याला "जरा डावीकडे" सांगितलं. समोरच्याची डावी ती आपली उजवी, हे हाडात इतकं मुरलेलं की टेम्पोत सीट माझ्याकडे पाठ करून ठेवलेल्या असतानासुद्धा मी उलटं करून लिहिलं. होईलला हे समजावून सांगितलं. तो जमिनीवर बसून हसला. मग म्हणाला, "बदलून देतो, पण चार बोल्ट आत्ताच जीव खाऊन बसवलेत." मी म्हटलं, राहू दे. पाठ मागे झाल्याशी कारण.

बसायला मात्र झकास. कलणं नाही, करकर नाही. घरी येईपर्यंत एकटाच गुणगुणत होतो.

रविवार, ९

सकाळी हिला अंगणात नेलं, डोळे मिटायला लावले, बसवलं. हिने हात कापडावरून फिरवला, पाठ टेकली, पाय लांब केले. मग, "छान आहे हो. खरंच छान आहे." दांडी सापडेना तेव्हा मध्ये असल्याचं सांगितलं, खडूची गोष्टही सांगितली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. "एवढं सगळं माझ्या पाठीसाठी?" म्हणाली आणि माझा हात धरून बसली. आमच्या वयात अंगणात, गाडीत! समोरच्या घराचा पडदा हलला. हलेना का.

मी म्हटलं, चल, चौकापर्यंत एक चक्कर. गाडीला फेरा घालून माझ्या दाराशी येतो तोवर ही खाली उतरलेली. "गॅसवर दूध आहे."

दूध नव्हतं. मी बघितलं.

मंगळवार, ११

भांडण. हिने पुन्हा बसचा विषय काढला. मी म्हटलं, आता पाठीचं कारण कुठे राहिलं? म्हणाली, चार तास म्हणजे चार तास. उशी देतो म्हटलं. नको. दर तासाला थांबू म्हटलं. नको. "मग माझंच काही चुकलं का?" असं मी विचारलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. तिथून फक्त भांडी बोलली.

वास्तविक गाडी हिची. नर्स होती तेव्हा रोज खेडोपाडी हीच चालवत जायची, मी स्टुडिओत. निवृत्त झाली त्या दिवशी किल्ली माझ्यापुढे टाकून म्हणाली होती, "आता मी खिडकीतून बघणार. तुम्ही चालवा." तेव्हापासून मी सारथी. मला ते काम फार आवडतं.

बुधवार, १२

अबोला. पण माझ्या शर्टाचं बटण लावून ठेवलं होतं.

शुक्रवार, १४

लेकीचा फोन. दोघी बराच वेळ दार लोटून बोलल्या. मग मला फोन दिला. "बाबा, आई सांगेल तसं करा. प्लीज." मी म्हटलं, लग्न झाल्यापासून दुसरं काय करतोय? ती हसली नाही.

जेवताना ही म्हणाली, "जाऊ गाडीने. पण माझी एक अट आहे. निघताना सांगेन."

हजार अटी घाल बाई! मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

शनिवार, १५

गाडी धुतली, आतून पुसली. बाळंतपणाचं सामान, दुपटी, थर्मास, सगळं मागे नीट लावलं. शेजारच्या सीटवर कशाचीही पिशवी ठेवायची नाही, ती मोकळी. होईल मुद्दाम हवा बघायला येऊन गेला. "काका, लग्नाला निघाल्यासारखे दिसताय." खरंच तसं वाटतंय. उद्या लवकर निघायचं.

रविवार, १६ – लेकीच्या घरी

हिची पाठ कधी दुखतच नव्हती.

सकाळी किल्ली माझ्या हातातून घेतली. अट हीच. मला शेजारी बसवलं आणि गाडी सुरू करण्याआधी सांगितलं, समोर बघत. "उन्हाळ्यात चौकात एक मुलगी सायकलवरून कडेने आली. मी ओरडले म्हणून तुम्ही थांबलात. मांजर होतं म्हणालात. ती तुम्हाला दिसलीच नाही हो. कडेचं तुम्हाला दिसत नाही. डोळ्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हणून पाठीचं नाव सांगत राहिले. मी नसले की तुम्ही गाडी फारशी बाहेर काढत नाही, तेवढंच."

उद्या लेक डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे.

मला वाईट वाटलं. पण राग आला नाही. वळणाचा रस्ता लागल्यावर मी पाठ थोडी मागे केली. ही म्हणाली, "झोपा निवांत. मी बघतेय."

झोपलो.