करवंद टोळीचा बारावा भाग

कोपरखैरणे,
११ मार्च १९९८

प्रिय दर्शू,

पहिलं सांगते, घरात कुणी गेलेलं नाही. तीन वर्षांनी आईचं पत्र म्हणजे तसंच काहीतरी, असं वाटलं असेल तर घोटभर पाणी पी आणि मग पुढं वाच. आबा बरे आहेत. गुडघा धरतो, तरी पोती उचलायची सोडत नाहीत. तुझा पत्ता माझ्याबरोबर कांदा निवडणाऱ्या जमुनानं दिला. कळंबोलीच्या बाजारात तू तिला भेटलीस आणि आईला सांगू नको म्हणालीस. तिनं तेही सांगितलं. तिच्या पोटात काही राहत नाही, तुला माहीत आहे.

तर मी तुझी करवंद टोळीची पुस्तकं वाचली. हो, मीच. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची तुझी पेटी काढली. खरं तेच लिहिते, रद्दीत घालायला काढली. रद्दीवाला दारात काटा धरून उभा, मी एकेक पुस्तक पारड्यात टाकतेय, त्यातलं एक उघडं पडलं. चित्रात ती पोरं भुयारात अडकलेली आणि शिवाच्या हातातली बॅटरी विझायला आलेली. ती विझली का नाही एवढं तरी बघावं म्हणून अक्षरं लावत बसले. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यानंतर वाचले ते कांद्याच्या पोत्यांवरचे मार्के. रद्दीवाला म्हणाला, बाई, शाळा नंतर भरवा, मला अजून चार बिल्डिंगा करायच्यात. म्हटलं, जा मग, तुला कोण धरून ठेवलंय. बॅटरी विझली होती. पण पोरं वटवाघळांच्या मागं मागं बाहेर आली, आणि ती बाहेर येईस्तोवर माझा भात करपून कोळसा. याच पुस्तकापायी भात करपवलास म्हणून मी तुला उलथन्यानं मारलं होतं. ते पातेलं घासताना तुझी आठवण आली, खोटं कशाला सांगू.

आता माझा गाढवपणा ऐक. तू सगळ्यांना खाकी कव्हरं घातलेली, भागाचे आकडे आत झाकलेले. मी आपली कांदा निवडते तशी निवडली. जाड एका बाजूला, मध्यम एका बाजूला, बारीक गोल्टी शेवटी. आणि जाडापासून सुरू केलं. त्यात हौसेराव आजोबा वारले. पोरं त्यांची काठी घेऊन गड उतरतात, तिथं मी इतकी रडले की दुसऱ्या दिवशी गाळ्यातल्या बायका विचारायला लागल्या, गावाकडं कोण गेलं का गं. मी म्हटलं, हौसेराव गेले. जमुना म्हणाली, ते कोण तुझे, चुलते? मग आठवड्यानं मध्यमातलं एक उघडलं, तर हौसेराव अंगणात बसून हुरडा खातायत आणि मीठ कमी म्हणून भांडतायत. जमुना हसून हसून कांद्यावर आडवी झाली. मी नाही हसले. ती दोन पानं मी चारदा वाचली.

आता दुपारी डबे खाऊन झाले की मी मोठ्यानं वाचते. सगळ्याजणी पाट्या पालथ्या घालून बसतात. पुस्तकातली प्रेमला सारखी टोळीच्या पुढं, झाडावर काय चढते, चोराच्या मागं काय धावते, म्हणून एकीनं नाक मुरडलं, हिला कोण करून घेणार म्हणे. मी म्हटलं, दहा वर्षांची आहे ती, आधी दरीतून वर तर येऊ दे. हे तुझ्या वेळी माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

आबांना सांगितलं नव्हतं. संध्याकाळी ते भिंतीकडं तोंड करून पडलेले असतात. झोपले असं समजून एक दिवस मी मनातल्या मनात वाचायला लागले, तर आवाज आला, मोठ्यानं वाच की, पोरगं झाडावरच राहिलंय. घरात तुझं नाव काढायचं नाही हे त्यांनीच ठरवलेलं. नाव अजून काढत नाहीत. पण पुस्तकांना ‘पोरीची पुस्तकं’ म्हणतात.

अकरा भाग झाले. अकराव्याच्या शेवटी चौघं भर खाडीत होडीत, वल्हं मोडलेलं, आणि खाली छापलंय की पुढचं बाराव्या भागात. बारावा पेटीत नाही. कपाट, गाद्या, सगळं उलथंपालथं केलं. मग लख्ख आठवलं. त्या दिवशी तू पिशवी घेऊन निघालीस आणि मी जिन्यावरून ओरडले, सोनं काय नेतेस ते दाखव. तू पिशवी उघडून दाखवलीस. दोन ड्रेस आणि वर एक पुस्तक. मी म्हटलं, ने, तेवढंच कळतं तुला. तू गेल्यावर मी तुझ्या नावानं आंघोळ केली. घरात नाही, खाली नळावर, अख्ख्या बिल्डिंगला दिसावी म्हणून. तू लग्न केलंस तो प्रितम शिरवण्याचा, आगरी, आपल्या पावण्यांना काय सांगू, एवढंच डोक्यात. हे तुला कुणी सांगितलं असेल तर खरं आहे. नसेल सांगितलं तर माझ्याकडून ऐक. आईनं जित्या लेकीच्या नावानं पाणी घेतलं. मला ते करायला नको होतं.

मागच्या आठवड्यात वाशीला पुस्तकांच्या दुकानात गेले. बारावा भाग आहे का विचारलं, त्यानं लगेच काढून दिला. नवा कोरा. उघडला असता तर होडीचं तिथंच कळलं असतं. थोडा वेळ हातात धरला आणि परत दिला. तो म्हणाला, मावशी, घ्यायचा नव्हता तर मागितलात कशाला. दर्शू, मला तुझ्याकडचाच पाहिजे. पोस्टानं पाठवू नकोस, पाठवलास तर तसाच परत करीन. रविवारी मार्केट बंद असतं. आबांची परवानगी मी मागितली नाही, नुसतं सांगितलं की या रविवारी बारावा भाग घरी येणार आहे. मग म्हणाले, ती एकटीच येणार का जावई पण? मी म्हटलं, दोघं. ते म्हणाले, मग शनिवारी दाढी करून घेतो. तेव्हा प्रितमला घेऊनच ये. त्याला जेवायला काय आवडतं ते मला माहीत नाही. मासळी आवडत असेल तर येताना घेऊन या. मला ती करता येत नाही, तू शेजारी उभी राहून सांग, मी करीन.

उशीर लावू नकोस.

तुझीच,
आई