मिउनशेजारची जागा

चितायम, १२ जून १९८७

चि. सनुसीस,
सलाम व अ. आ.

तुझं पत्र पोचलं. बालिकपापानच्या तेल कंपनीत रात्रंदिवस पंखे फिरतात म्हणतोस. फिरू देत, सर्दी करून घेऊ नकोस म्हणजे झालं. इकडे जकार्ताच्या कारकुनांचं पेव फुटलंय. स्टेशनपलीकडची भातखाचरं जाऊन एकसारख्या घरांच्या रांगा आल्या. परवा एक गृहस्थ म्हणे दुसऱ्याच्याच घरात चपला काढून चहाची वाट बघत बसला.

तुझ्या वाट्याची बाग विकायला माझी ना नाही, मुलं शिकायचीत. पण तिथल्या रामबुतानखाली तुझे मेहुणे, बांग मिउन निजलेत. आपण माणूस आपल्याच परसात पुरतो, हे त्या घरं बांधणाऱ्या कंपनीवाल्याला नीट सांग. त्यांच्याशेजारी मी माझी जागा ठेवलीय. जिवंतपणी या माणसानं मला कधी जकार्ता दाखवलं नाही. आता तरी शेजारी पडून जाब विचारायचाय. तेवढं सोडून काय हवं ते वीक.

माया आहेच, ती कागदावर उतरवायचा आळस करू नकोस.
तुझी थोरली, रोमला


बालिकपापान, ४ जुलै १९८७

ती. एम्पोक रोमला हिस,
सलाम. वि. वि.

घरांच्या कंपनीचा माणूस कागद घेऊन इकडे आला, त्याच्याशी बोललो. कबरीला हात लागणार नाही, तुझी जागाही राहील, असं म्हणाला. लिहून मागितलं तर हसला. मेलेल्यांच्या बाबतीत कुणी शब्द फिरवतं का, म्हणाला. मलाच ओशाळल्यासारखं झालं. सही केली. तू आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाणारेस, तेव्हा घोर लावून घेऊ नकोस.

रागवायचा हक्क तुझा, तसंच जपायचाही.
धाकटा, सनुसी


चितायम, २० ऑगस्ट १९९५

चि. सनुसीस,
सलाम व अ. आ.

कंपनी घरं विकून कधीच निघून गेली. मुलं भितात म्हणून वसाहतीनं कबरीभोवती उंच भिंत घातली, दाराला कुलूप. किल्ली समितीचे अध्यक्ष हार्जोनोसाहेब यांच्याकडे. रविवारी दोन्ही हातांनी देतात, खोकल्याची चौकशी करतात. माणसं वाईट नाहीत रे, पण दिसतात कुठं? झुंजुमुंजू होताच सगळी गाडीनं जकार्ताला, परततात ती दिवे लागल्यावर. दिवसा इथं हाक मारली तर मांजर ओ देतं.

माझ्या जागेचं विचारलं तर म्हणाले, माझी हरकत कसली, फक्त समितीची एक बैठक होऊ दे. बैठकीला माणसं जमत नाहीत. खोकला मात्र रोज वेळेवर हजर.

दूर असलास तरी परका होऊ नकोस.
तुझी, रोमला


चितायम, १७ जानेवारी १९९६

ती. एन्चिंग सनुसी यांस,
भाची यायाचा सलाम. वि. वि.

आई मंगळवारी सकाळी गेली. हार्जोनोसाहेब तोवर गाडीत बसले होते. आंघोळ घातली, कफन झालं, जनाजा भिंतीपाशी नेला. दारावर आपलाच नीनकाका, वसाहतीचा रखवालदार. तो रडत होता. म्हणाला, पोरी, तुझ्या आईच्या हातचं खाऊन वाढलो, पण कुलूप तुटलं तर माझी भाकरी तुटेल. माझ्या नवऱ्यानं पहार उचलली, तर इमामसाहेबांनी हात धरला, की मय्यत घेऊन कुणाचं दार फोडू नये. साहेबांच्या बँकेत फोन लावला. ते बाहेर कामाला गेले होते. मी घरोघर फिरले. कुलपंच कुलपं. एका घरातली मोलकरीण म्हणाली, हो-नाही सांगणारं माणूस संध्याकाळी येईल.

संध्याकाळपर्यंत ठेवायला कुणी तयार होईना. शेवटी आईला सरकारी कब्रस्तानात नेलं, नदीपलीकडे, अनोळखी माणसांच्या रांगेत.

रात्री आईसाठी दुवा मागायला घर भरलं. सगळे कचेरीच्या कपड्यांत, स्टेशनावरून थेट आलेले. हार्जोनोसाहेब रडले, कळलं असतं तर रुळावरून चालत आलो असतो, म्हणाले. बाकीचेही तेच म्हणत होते, की आमची कुणाचीच ना नव्हती. खरंच बोलत होते, एन्चिंग. मी सगळ्यांना चहा दिला. पहाटेची गाडी असते म्हणून ते लवकरच उठून गेले.

आता थोरलं माणूस तुम्हीच. आम्हांवरची सावली काढू नये.
याया