टक आणि थप

प्रिय दादा,

‘प्रिय’ लिहायला आज पेन तयार नव्हतं, पण आईनं लावलेल्या सवयी मोडत नाहीत. घरच्या ग्रुपवरची तुझी सूचना पोचली. ‘सुट्टीतल्या जेवणाला यंदा आईची टॉफी होणार नाही. तिला विश्रांती मिळावी म्हणून दुकानातून डबे आणावेत, असे सर्वानुमते ठरले आहे.’ हे सर्व म्हणजे कोण रे? तू, वहिनी आणि तुमचं कुत्रं? मला कुणी विचारलं नाही, आईला तर नाहीच. तिनं माझ्या मोबाइलवर ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि ‘बरं झालं बाई, सुटले’ म्हणाली. मग टॉफीची जाड बुडाची कढई काढून घासली आणि माळ्यावर टाकायला माझ्या हातात दिली. घासलेलीच होती ती.

गेल्या वर्षीची टॉफी बिघडली, मान्य. ती कागदाला चिकटली, कागद जिभेला चिकटला, काकांची तर कवळीच तिच्याबरोबर बाहेर आली. मलाही हसू आलं. पण तू उभा राहून, पेल्यावर चमचा वाजवून भाषण ठोकलंस: ‘मंडळी, आईनं यंदा डिंक केलाय, कुणाच्या चपला उसवल्या असतील तर घेऊन या!’ टाळ्या काय, शिट्ट्या काय! आईही हसली, पण सगळ्यांत शेवटी. तुझा विनोद तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. शेजारी बसलेल्या मावशीनं तो तिला कानाशी वाकून सांगितला, तेव्हा हसली.

ती पाक कसा बघते, आठवतंय ना? थंड पाण्याच्या वाटीत थेंब सोडायचा, गोठला की उचलून वाटीच्या काठावर आपटायचा. ‘थप’ झालं तर कच्चा, ‘टक’ झालं की गॅस बंद. बोटं भाजून भाजून निबर झालेली, रंगावर तिचा भरवसा नाही. सगळी भिस्त कानावर. ती कान लावून उभी राहिली की आपण श्वाससुद्धा रोखायचो. एकदा तू मागून जिभेनं ‘टक’ केलंस, तिनं कच्ची कढई उतरवली आणि उलथन्याचा प्रसाद तुला मिळाला, हसले म्हणून मलाही. मग लोणी फासलेल्या ताटातून तू टॉफीचा दोर ओढायचास आणि मी त्याचे तुकडे कापायची, म्हणून मी कात्री. आता जिभेमुळे म्हणतात, तो भाग वेगळा.

तू महिन्यातून एकदा येतोस. दारातूनच ‘आई, बरी आहेस ना?’ विचारतोस. ती म्हणते, ‘हो, मघाशीच जेवले.’ तू मान डोलावतोस आणि घड्याळ बघत सोफ्यावर बसतोस. अख्ख्या ऑफिसच्या चुका शोधणारा माणूस तू, यात तुला काहीच खटकलं नाही?

मी तर तिच्याच घरात राहते, तरी मलाही खटकलं नाही. म्हणून हे पत्र. गेल्या वर्षी टॉफी केली त्या दुपारी तिनं थेंब आपटला, पुन्हा आपटला, तिसऱ्यांदा आपटला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं, ‘टक वाजलं का गं?’ मी मोबाइलमध्ये डोकं खुपसून कुणाला तरी खरमरीत उत्तर लिहीत होते. ऐकलं काहीच नव्हतं. म्हणाले, ‘हो, वाजलं.’ तिनं गॅस बंद केला. तुझं भाषण चाललं होतं तेव्हा तिनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि मी ताटात मान घालून बसले. तिला अजून वाटतं, आपला हात गेला. वर्षभर तुझ्यावर चिडून मी हे गिळलं. आजही चिडलेलीच आहे, सूट मिळाली असं समजू नकोस. तो ठराव तुझ्या हातानं मागे घे. कानाच्या डॉक्टरांची वेळ मी घेतली आहे, तीही आईला विचारून. डिंक कुणामुळे झाला ते यंदा जेवताना सगळ्यांसमोर मी सांगणार आहे. तेव्हा पेल्यावर चमचा तूच वाजव. आणि एक दिवस आधी ये. कढई माळ्यावरून काढून ठेवली आहे. थेंब ती आपटेल, ऐकायचं आपण दोघांनी. जिभेनं ‘टक’ केलंस तर उलथनं या वेळी माझ्या हातात आहे.

तुझीच, सध्या नाइलाजानं,
कात्री