शर्टाची खोळ

बाबा, बॅटरीच्या डब्याच्या काचेवर आत्ता अडतीस टक्के दिसतंय. नुसतं त्या आकड्याकडे बघत बसले तर डोकं फिरेल, म्हणून वही काढली. दुपारचे साडेतीन वाजलेत. बाराच्या सुमारास वादळ आलं, गावाबाहेरचे विजेचे खांब आडवे झाले आणि जानेफळची लाइट गेली ती गेलीच. तुम्ही गेल्यावर मायच्या फुप्फुसांनी दगा दिला, हे तुम्हाला ठाऊक नाही. हवेतून ऑक्सिजन काढून देणारं एक यंत्र आता तिच्या खाटेशी दिवसरात्र चालू असतं. ते विजेवर चालतं, आणि वीज गेली की या बॅटरीच्या डब्यावर. डबा संपल्यावर काय, ते माझ्याच्यानं लिहवत नाही. शेजारचे काका जीप घेऊन मेहकरला ऑक्सिजनचं सिलिंडर आणायला गेले होते. सिलिंडर मिळालं, पण येताना रस्त्यावर कडुलिंब आडवा पडलेला. अॅम्ब्युलन्सही त्याच झाडापलीकडे उभी आहे.

डबा मी तुमच्याच पद्धतीनं घेतला हो. स्टँडवरच्या आपल्या दुकानात कोणी ट्रॅक्टरची नाहीतर भोंग्याची बॅटरी मागायला आला, की तुम्ही आधी विचारायचे, 'काय चालवायचं हाय, आन् किती वेळ?' उत्तर मिळाल्याशिवाय मालाला हात लावायचे नाहीत. या डब्याच्या खोक्यावर तंबू ठोकून रानात मुक्कामाला गेलेल्या हौशी लोकांचं चित्र होतं. दुकानदार सांगत होता, शंभर वेळा मोबाइल चार्ज होतो. मी म्हटलं, मला मोबाइल शंभर नाहीत, आई एकच आहे. यंत्र साडेतीनशे वॅट खातं, डबा दोन हजार वॅट-तासांचा, म्हणजे कागदावर पावणेसहा तास. त्यातून वाटेत गळणारी वीज वजा करायची, हेही तुमचंच. मी पाच तास धरले. आपल्याकडची लाइट एरवी दोन-तीन तासांत येते. मला माझ्या हिशेबाचा इतका तोरा चढला, की भाड्यानं आणून ठेवलेलं सिलिंडर मी दुसऱ्याच आठवड्यात परत करून टाकलं. तुम्ही असते तर पाठ थोपटली असती, असंही वाटून गेलं.

पण आपल्या घरात उघडं काय राहतं? टीव्हीला झालर, मिक्सरला टोपडं, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. डबा आला त्या दिवसापासून माय खाटेवरून त्याच्याकडे बघत होती. 'उघडं काऊन ठेवलं? धूळ बसन ना त्याच्यावर,' म्हणाली. मग तिनं तुमचा लग्नकार्यातला बदामी शर्ट उसवायला घेतला. चार टाके घातले की दम लागायचा, नाकातली नळी सारखी करायची, पुन्हा सुई. आठ दिवसांत खोळ तयार झाली. पुढे खिसा तसाच ठेवला, बटणंही तशीच. वर्षभरात तिनं हातानं केलेलं हे पहिलं काम होतं. 'आता चांगलं दिसते,' म्हणाली, आणि पुष्कळ दिवसांनी हसली. डब्याच्या दोन्ही बाजूंना जाळ्या आहेत, आत पंखा फिरतो. तुमचा शर्ट त्या जाळ्यांवर अगदी घट्ट बसला होता.

मी नववीत असताना असंच झालं होतं. दुकानात बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या, बाहेर धुळीची वावटळ उठलेली. माल खराब होईल म्हणून मी मोठ्या शहाणपणानं त्यांच्यावर पोतं पांघरलं. तुम्ही आलात आणि गिऱ्हाइकांसमोर ते पोतं खसकन ओढलंत. 'जित्या बॅटरीवर कफन टाकून राह्यली का तू? चार्जिंगले लावली का ते तापते. तिले हवा लागते, हवा.' मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही माझ्या दप्तरात नवा टेस्टर टाकलात. तो अजून माझ्याकडे आहे. दुकानात मात्र मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. तुम्ही दोनदा बोलावलंत, मी अभ्यासाचं निमित्त काढलं.

आज पावणेदोनला डबा गप्प झाला. सत्तर टक्के शिल्लक होते, तरी बंद. वादळ सरून कडक ऊन पडलेलं, वर पत्रे तापलेले, खाली डबा तव्यासारखा. काचेवर थर्मामीटरचं चिन्ह लुकलुकत होतं. खोळ मी अक्षरशः ओरबाडून काढली, डबा दारातल्या सावलीत ओढला, वायर ताणून कशीबशी पुरली. एका हातानं मायला टेकवून बसवलं, दुसऱ्या हातानं डब्याला सुपानं वारा घालत राहिले. तिचे ओठ जांभळट होत चालले होते. ती विचारत होती, लाइट आली का, आणि मी म्हणत होते, येऊनच राह्यली. वीस मिनिटं, बाबा. मी देवाला नाही, तुम्हाला हाक मारली. मग पंखा घुरघुरला आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

आता तेवीस. फांद्या तोडणं चालू आहे, असा काकांचा फोन आला. मघाशी मायनं डोळे उघडले. दारातल्या उघड्या डब्याकडे बघून म्हणाली, 'खोळ कुठी हाय?' मी म्हटलं, धुवायले टाकली. ती म्हणाली, 'जपून धुजो. तुह्या बाबाचा शर्ट हाय.'

धुवायला टाकलेली नाही. फाटलेली खोळ घडी करून मी तिच्यावरच बसले आहे, तिला दिसू नये म्हणून. हे पानही तिच्या हाती लागू देणार नाही. डबा मध्येच बिघडला होता, असंच तिला सांगेन. कोणी विचारलं तर म्हणेन, लक्षातच आलं नाही. पण तुम्हाला खरं सांगते. खोळ चढवताना तुमचं पोत्याचं बोलणं मला आठवलं होतं. शब्दन् शब्द आठवलं होतं. तरी माय बघत होती म्हणून मी वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली.