पान्चेत्ताच्या जागी खोबरं

आई, आज स्वयंपाकघरात उभं राहून तुला एक गोष्ट विचारावीशी वाटली, आणि विचारता विचारता लक्षात आलं की सांगायची आहे ती दुसरीच. तू जाऊन अकरा वर्षं झाली. पाचगणीच्या या हॉटेलात तू एकदाच आलीस, हॉटेलच्या नोकरीला लागल्यावर माझ्या हातचं एकदाच जेवलीस, आणि त्या जेवणाबद्दल मी तुझ्याशी खोटं बोललो. ते लिहून टाकायचं आहे. पण आधी विचारायचं ते विचारतो.

सांगलीकडचं एक कुटुंब कालपासून उतरलंय. आपल्यातलेच जैन आहेत, बस्तीत दर्शनाला जाणारे, दिवस मावळायच्या आत जेवणारे. नवराबायको, त्यांची मुलगी आणि तिची आजी. मुलीचा आज वाढदिवस. तिनं मोबाईलवर कुठलासा इटलीतला पास्ता बघितला आणि तोच पाहिजे म्हणून हटून बसली. त्यात पान्चेत्ता असतं. म्हणजे डुकराच्या पोटाचं मांस, मीठ-मिरी चोळून, आठवडेच्या आठवडे टांगून मुरवलेलं. तू आत्ता नाकाला पदर लावला असशील. लाव. माझं पोट त्यावर चालतं. पुण्याहून माल आला नाही तर त्याच्या जागी काय घालायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. बेकन घ्यायचं, पण आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, कारण बेकनला धुराचा वास असतो आणि पान्चेत्ताला बहुतेक नसतो. हॅम घेतलं तर चरबी कमी पडते, मग वरून लोणी सोडायचं. पण हे झालं मांसाच्या जागी मांस. इथं मांस नको, अंडं नको, कांदा-लसूण नको. मालक म्हणाले, "मशरूम टाका की, त्यात काय एवढं!" घ्या. मशरूम आपल्यात चालत असतं तर मी कशाला डोकं धरून बसलो असतो? वांगं भाजून घालावं म्हटलं, तर त्या आजींनी वांगं सोडलेलं.

आणि मग तू आठवलीस, कारण एकाच्या जागी दुसरं घालणं हा तुझा जन्मभराचा उद्योग. बटाट्याच्या जागी कच्चं केळं. कांद्याच्या जागी बारीक चिरलेला कोबी आणि हिंग. पर्युषणात हिरवी भाजी बंद झाली की उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले सांडगे. तुझ्या केळ्याच्या भाजीला भले भले फसायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आप्पांचे एक दोस्त कवठ्याच्या बाजारातनं येता येता जेवायला थांबले होते. "वैनी, बटाट्याची भाजी लय झ्याक," म्हणाले. तू आत भाकरी थापत होतीस. मी मजा म्हणून सांगितलं, "व्हय, आमच्या मळ्यातला बटाटा हाय." तू पिठाच्या हातानं बाहेर आलीस. "आवं, बटाटा न्हाई, केळं हाय त्ये. पोरगं खोटं बोलतंय." पाहुणे हसले. तू हसली नाहीस. ते गेल्यावर माझा कान धरलास. मी म्हटलं, केळ्यानं काय त्यांचं पोट दुखणार होतं? तेव्हा म्हणालीस, "जिभंला फसवलं तर चालतंय रं. मानसाला फसवायचं न्हाई. त्यो आपल्या भरवशावर घास तोंडात घालतोय."

इतकं वर्णन करून सांगतोय, कारण हे मला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही.

हॉटेलात लागलो तेव्हा तू भांडली नाहीस. "पोटासाठी करतोयस, कर. पर मला तुझ्या हातचं नगं." एवढंच. मी गावी आलो की मला समोर बसवून वाढायचीस, पण चुलीकडं फिरकू द्यायची नाहीस. ज्या चुलीवर तूच मला फोडणी शिकवलीस, तिथून मी बाहेर. मांस चाखावं लागत असेल की रं, असं एकदा विचारलंस. चाखतो आणि थुंकतो, म्हणालो. ते पहिलं वर्षभर खरं होतं.

मग शेजारच्यांच्या फोनवरून निरोप आला की तू येणार आहेस. मी वाईला उतरलो आणि तुझ्यासाठी एक कढई घेतली. कोरी. कागदात गुंडाळून वरच्या फळीवर ठेवली, सगळ्यांना बजावलं. तू यायची होतीस दुपारी. सातारला एसटी बंद पडली, वाईत दुसरी मिळेना, आणि हॉटेलच्या दारात पोचलीस तेव्हा पाच वाजून गेले होते. थंडीचे दिवस, पाचगणीत सूर्य लवकर डोंगराआड जातो. सकाळपासून तुझ्या पोटात पाण्याच्या घोटाशिवाय काही नव्हतं. मी कढई काढायला गेलो तर फळीवर नुसता कागद. कढई शेगडीवर, आणि तिच्यात दुसरा आचारी पान्चेत्ताची चरबी सोडवत उभा. भांडी कमी पडली म्हणे. मी त्याला शिवीसुद्धा दिली नाही, तेवढा वेळ नव्हता. बाकीच्या भांड्यांची कथा त्याहून वाईट होती. कढई रिकामी केली, चिंचेनं घासली, उकळतं पाणी ओतलं, परत घासली, तीनदा. आणि त्यातच तुझी मुगाची डाळ आणि केळ्याची भाजी केली.

ताट समोर ठेवल्यावर तू विचारलंस, "भांडं नवं हाय न्हवं रं?"

मी म्हटलं, "नवंच हाय. तुझ्यासाठीच आणलंय."

दोन्ही वाक्यं खरी होती, बघ. असं खोटं मला पुन्हा कधी जमलं नाही. तू जेवलीस. भात दोनदा मागून घेतलास. "हिंग जरा कमी हाय," म्हणालीस, म्हणजे मनापासून जेवलीस. गावी जाऊन बस्तीतल्या बायकांना सांगितलंस, माझ्या पोरानं माझ्यासाठी येगळी कढई ठेवलीया. ते मला तुझ्या बाराव्याला एका मावशीनं सांगितलं. मी मान हलवली.

तर आजचं. शेवटी खोबरं घेतलं. सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, मिठाच्या पाण्यात भिजवून, मिरी लावून दुपारभर उन्हात टाकले आणि तुपात मंद आचेवर कडा तांबूस होईपर्यंत परतले. चरबी आली, खारटपणा आला, चावायला चिवटपणाही आला. अंड्याच्या जागी साय. परदेशी चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं, म्हणून त्याच्या जागी भाजलेल्या काजूची पूड. चालेल ना गं खोबरं? हेच विचारायचं होतं.

पाच वाजता टेबलावर स्वतः घेऊन गेलो. मुलगी म्हणाली, "यात खरंच ते नाही ना?" म्हटलं, नाही, खोबरं आहे. मग आजींनी चष्म्यावरून बघितलं. "भांडं येगळं हाय का बाबा?" माझ्या तोंडून निघून गेलं, "न्हाई, आज्जी. घासून घेतलंय, पर ह्याच भांड्यात बाकीचं बी शिजतंय." मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला, मालक लांबून माझ्याकडं डोळे वटारून बघत होते. आजी म्हणाल्या, "बरं झालं सांगिटलंस लेकरा," आणि पिशवीतून दशम्यांचा डबा काढला. बाकीच्यांनी जरा एकमेकांकडं बघितलं आणि पास्ता खाल्ला. मुलीनं तर ताटली पुसून खाल्ली.

मी आत आलो. खरं बोललो म्हणून हलकं वाटायला पाहिजे होतं. पण तो डबा डोळ्यांपुढून जाईना. आपल्यातली कुठली बाई डब्याशिवाय प्रवासाला निघते? तू तर तासगावला जायचं तरी दशम्या बांधून घ्यायचीस. आणि त्या दिवशी सहा-सात तासांच्या वाटेवर उपाशी आलीस. तुझ्या पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी होती. तुझ्यासाठी काही नव्हतं. म्हणजे निघतानाच तू ठरवलं होतंस, पोराच्या हातचं जेवायचं. इतकी वर्षं मला हे सुचलं नाही. मी त्या दिवसाचा विचार केला तो फक्त कढईचा.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी तुला वाचून कुणी दाखवावं असं मला वाटत नाही. क्षमा मागण्यासाठी बसलो होतो. पण आई, ती मला मागता येत नाहीये. तू आत्ता दारात आलीस, कढई तशीच बाटलेली निघाली आणि बाहेर दिवस मावळत असला, तर मी परत नवंच आहे म्हणेन.