सर्वांनी आमेन म्हटलं

माय, तू गेलीस त्या वयाहून मी आता कितीतरी म्हातारी झाले. आज लिहायला बसले कारण काल नातसुनेनं मनातली एक गोष्ट मला सांगितली, आणि संध्याकाळी घरी प्रार्थनासभा आहे. मोठ्यानं प्रार्थना मागायला मलाच सांगतील.

मिशनच्या बोर्डिंगची स्वयंपाकीण तुला आठवत असेल. साठ सालाच्या आधीची गोष्ट. दुपारची सवड मिळाली की यवतमाळातल्या आपल्या चुलीपाशी येऊन ती आपल्या परातीत भाकर थापायची आणि हसायची, "माही भाकर फुगते, नशीब काही फुगत नाही." सगळे तिला विधवा समजत. एका दुपारी तिनं तुला सांगितलं, नवरा जिवंत आहे, केळापूरकडे. कुऱ्हाड घेऊन अंगावर आला म्हणून ती पळून आली होती. मी तिथंच कांदे चिरत होते. तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, "पोरीच्या तोंडाले झाकण हाय ना वं बाई?" तू म्हणालीस, "माही पोरगी हाय थे."

रविवारच्या सभेत ती मागच्या चटईवर बसलेली. प्रार्थना मागायची माझी पाळी आली. मी तिच्यासाठीच मागत होते, अगदी कळवळून, आणि भरात तोंडातून निघून गेलं, "प्रभू, आमच्या स्वयंपाकीणबाईले तिच्या नवऱ्याच्या कुऱ्हाडीपासून वाचव, केळापूरचा तो माणूस तिले शोधून राह्यला." उचलली जीभ, लावली टाळ्याला. सर्वांनी आमेन म्हटलं. बाहेर पडताना एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "कशी मांगते वं पोरगी!" घरी आल्यावर तू एवढंच विचारलंस, "देवाले ठाऊक नव्हतं काय वं? कोणाले सांगत होती तू?"

मग ते तीन दिवस. सभेतल्या कोणाचं सासर केळापूरला लागून असलेल्या पांढरकवड्याला, कोणाचा भाऊ तिकडे. बातमीला कुठं पाय लागतात! तिकडची मोटार आली की मी दारात. उतरणारा प्रत्येक माणूस मला तोच वाटतो, हातात काही आहे का म्हणून मी बघते. चौथ्या दिवशी सकाळी बोर्डिंगची चूल थंड होती. तिनं मागून नेलेली आपली परात घासूनपुसून उंबऱ्यावर ठेवलेली. आठवड्यानं तो खरंच आला, फाटकाशी आरडाओरडा करून गेला. ती कुठं गेली, वाचली का, कधीच कळलं नाही. त्या परातीत तू पुन्हा भाकर थापली नाहीस.

प्रभूनं बायबलात खोलीचं दार लावून एकांतात मागायला का सांगितलं, ते मला फार उशिरा उमगलं. आज मी मनातच मागेन. नातसुनेची गोष्ट या कागदावरही लिहिलेली नाही, आणि कागद तरी कुठं धाडायचा आहे?

एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. त्या रविवारी माझे डोळे पुरते मिटलेले नव्हते. आपलं मागणं लोकांना कसं वाटलं ते बघायला मी एक डोळा उघडला होता. म्हणून तर मला माहीत आहे माय, सगळे आमेन म्हणत होते तेव्हा तुझे ओठ हलले नाहीत.